मांजराला श्रावण नसतो : आमच्या दुकानाची वाटचाल

सासऱ्यांनी दुकान काढलं १९८१ मध्ये. रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेच हे वर्ष. मालवणच्या बाजारातला एक गाळा आणि त्यात सरकी पेंड, भुसा, कोंबडीखाद्य, दावी, गाईच्या गळ्यातल्या घंटा. गिऱ्हाईक ठरलेलं, उधारीची वही ठरलेली. मग एकेक गोठा रिकामा होत गेला. मुलं मुंबईला, म्हातारी माणसं वाड्यावर. गाईची धार काढणार कोण आणि शेण भरणार कोण? पेंडेची पोती उतरायची कमी झाली. गाय गेली त्या घरात मांजर मात्र राहिलं.

मी सून म्हणून आले आणि काही वर्षांत गल्ल्यावर बसू लागले. कोंबडीखाद्याच्या शेजारच्या फळीवर मांजराच्या खाण्याची चार पाकिटं मांडली, तेव्हा सासरे बघतच राहिले. "माजराक इकत खाणां? नुस्त्याचो काय दुष्काळ पडलो?" त्यांचं काही चुकीचं नव्हतं. दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढली की माणसांआधी मांजरं हजर. अशा गावात मांजराचं खाणं विकायचं म्हणजे धाडसच.

पण दुष्काळ पडतो, आणि तो दरवर्षी ठरलेल्या वेळी पडतो. १ जूनपासून यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात आणि पावसाळी मासेमारीबंदी उठेपर्यंत ताजी मासळी महाग, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बंदी उठते न उठते तोवर श्रावण. निम्मी घरं शाकाहारी. त्याला लागूनच गणपती. म्हणजे पावसाचे तीन-साडेतीन महिने आमच्याकडचं मांजर वरणभातावर येतं. मांजराला श्रावण नसतो हे घरातल्यांना कळतं, पण त्याला घालायचं काय हे कळत नाही. आमचा धंदा उभा राहिला तो याच महिन्यांत. आजही आमच्या वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा जून ते गणपती या काळातला असतो.

सुरुवातीला मीही इतर दुकानदारांसारखी पाकीट द्यायचे आणि पैसे घ्यायचे. यात बदल झाला तो परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून आलेले एक डॉक्टर गुरांच्या औषधांच्या निमित्ताने दुकानात बसू-उठू लागले तेव्हा. त्यांनी मला एक सवय लावली : पाकिटाला हात घालण्याआधी वय विचारायचं. मग नर की मादी, नसबंदी झाली का, आणि सध्या ताटात काय पडतं.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नव्वद टक्के वेळा एकच येतं : "नुस्तां खाता." मग मी खोदून विचारते. मासे म्हणजे काय? तर काटे, बांगड्याचं डोकं, आणि बाकी सगळा कालवणात कालवलेला भात. म्हणजे मांजर मासे खातं असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते भात खातं आणि माशाचा वास घेतं. कुत्रा भाताभाकरीवर निभावून नेतो. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरीन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातून किंवा मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. कॅलिफोर्नियातले पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की कारखान्यातलं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांनाही ही कमतरता होत होती, आणि टॉरीन दिल्यावर बरीचशी हृदयं सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी ते खाण्यात वाढवलं. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. ते त्याला काळजासारख्या पदार्थातून आयतंच लागतं. त्यामुळे कुणी कुत्र्याचं पाकीट "दोघांना चालेल ना?" म्हणून मागितलं, तर मी मांजरासाठी ते देत नाही.

आता उलट बाजू, म्हणजे खरोखरच नुसती मासळी खाणारी मांजरं. दांडी, मेढा भागात ती आहेत. पेडवे स्वस्त झाले की टोपलीभर कच्चे पेडवे रोज मांजरापुढे. या जातीच्या बऱ्याच माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं एक द्रव्य असतं. कच्चे मासे महिनोन् महिने पोटात गेले की मांजराची मान खाली झुकते, चाल झोकांड्या खाते, पुढे फिट्स येतात. उकडल्यावर ते द्रव्य निकामी होतं. तेलकट मासळीचा अतिरेक आणि ई जीवनसत्त्वाचा तुटवडा झाला तर अंगातली चरबी सुजून दुखू लागते; असं मांजर उचलून घेतलं की ओरडतं. म्हणून मी मासे बंद करा असं सांगत नाही. सांगून कुणी ऐकणारही नाही. मी सांगते, उकडा, काटे काढा, आणि उकडलेलं पाणी फेकू नका, कारण टॉरीन पाण्यात उतरतं. हे आठवड्यातून दोन-तीनदा. रोजचं पोट पाकिटातल्या पूर्ण आहारावर. आणि वाटण लावायच्या आधी मांजराचा वाटा बाजूला काढा. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवला तरीही. आमच्या मालवणी कालवणात या दोघांशिवाय काय असतं? सुकी मासळी तर नकोच, तिच्यात मीठ किती असतं ते आपल्या जिभेलाच माहीत.

पिल्लांचं प्रकरण वेगळं आणि माझ्या आवडीचं. एकदा दांडीवरचा एक मुलगा जाळ्यांच्या ढिगात सापडलेलं पिल्लू शर्टात घालून आला. "वयनी, ह्याका दूद देव काय?" आम्ही तांदूळ धुवायची रोवळी काट्यावर ठेवली, तिचं वजन वजा केलं आणि पिल्लू आत बसवलं. ३४० ग्रॅम. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि आठवड्याला जवळपास तेवढंच वाढतं. तोंड उघडून पाहिलं तर पुढचे बारीक दात नुकतेच टोचायला लागलेले. म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांचं. या वयात गाईचं दूध दिलं की जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. शिवाय भाटीच्या, म्हणजे मांजरीच्या, दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त. पिल्लांची दूध पावडर दिली, कोमट करून पालथं बसवून पाजायला शिकवलं. तान्ह्या बाळासारखं उताणं पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. त्यासोबत पिल्लांचे दाणे कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखे करून ताटलीत. आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लू पूर्ण खाण्यावर येतं. पुढे वर्षभर पिल्लांचंच खाणं, दिवसातून तीन-चार वेळा, कारण वजनाच्या मानाने त्याची भूक मोठ्या मांजराच्या दुप्पट असते. तो मुलगा आता पाकिटाबरोबर मांजराची तक्रारही घेऊन येतो.

गाभण भाटीलाही मी हेच पिल्लांचं खाणं देते. लोकांना गंमत वाटते. पण दोन महिन्यांत पोटात चार-पाच जीव आणि नंतर त्यांचं दूध. पाजणाऱ्या भाटीची गरज नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते. तिला माप लावायचं नाही, ताटली भरलेली ठेवायची.

माप लावायचं ते नसबंदीनंतर. ऑपरेशन झालं की भूक वाढते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च पाव भागाने तरी कमी होतो. चार किलोच्या घरबशा बोक्याला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम दाणे पुष्कळ. वाटी ओतून ठेवली की तो सहा किलोंवर जातो आणि मालक कौतुकाने फोटो दाखवतात. मी चहाचा एक कप देते, त्यावर मार्करने रेघ मारून. बोका नुसत्या कोरड्या खाण्यावर असेल तर पाण्याचं सांगते. मांजर मूळचं वाळवंटाकडचं, पाणी कमीच पितं. दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आत, ओल्या खाण्याच्या पाउचमध्ये ७५ ते ८०. शिक्षिका असलेल्या एका गिऱ्हाइकाचा बोका सकाळपासून कोपऱ्यात बसून कुंथत होता. त्यांना वाटलं बद्धकोष्ठ, म्हणून एरंडेल विचारायला आल्या. मी त्यांना तडक डॉक्टरांकडे पाठवलं. लघवी तुंबली होती. नराच्या बाबतीत अशी रात्र काढली तर बोका हातचा जातो.

पाकीट कसं निवडायचं हे लोक चित्रावरून ठरवतात. चित्रात सुरमई असली की झालं! मी पाकीट उलटं करून दाखवते. मागे 'पूर्ण आणि संतुलित आहार' असं म्हटलंय का, आणि कोणत्या वयासाठी? नसेल तर ते खाऊ आहे, जेवण नाही. पाउचवर प्रथिनं ८ टक्के आणि दाण्यांवर ३२ टक्के वाचून लोक पाउचला नावं ठेवतात. पाउचमध्ये ८० भाग पाणी. उरलेल्या २० भागांतले ८ म्हणजे ४० टक्के झाले. पाकिटांवर ज्या आफको या अमेरिकन संस्थेचं नाव असतं, तिच्या निकषात कोरड्या अंशावर पिल्लांना किमान ३० आणि मोठ्यांना २६ टक्के प्रथिनं लागतात. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब केला की गिऱ्हाईक गप्प होतं, कधी महागडं पाकीट परतही ठेवतं. ठेवू दे.

धंद्याच्या अडचणी सांगायच्या तर पहिली हवेची. आमच्याकडच्या पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडतं. सुटे दाणे विकले तर आठवड्यात सादळतात, चरबी खवट होते, बुरशी धरते. बाकीचे सुटं विकत असताना आम्ही ते बंद केलं आणि लहान पाकिटं ठेवली. किलोमागे महाग पडतात म्हणून बोलणीही खाल्ली. दुसरी अडचण घाटाची. माल कोल्हापूरकडून येतो आणि दरड आली की गाडी वर अडकते. एका वितरकाने तर मुदत संपत आलेला माल भर पावसात उतरवला आणि परत घ्यायला महिनोन् महिने लावले. तेव्हापासून पेटी उघडून तारीख बघितल्याशिवाय पावतीवर सही नाही. तिसरी कराची. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गुरांच्या खाद्यावर शून्य आणि मांजराच्या पाकिटावर १८ टक्के. एकाच गल्ल्यावर दोन तऱ्हेचे हिशेब सांभाळताना सासरे वैतागले आणि वही कायमची माझ्याकडे आली. ऑनलाइनवाल्यांचा भाव आम्हाला परवडत नाही, तो देण्याचा प्रयत्नही करत नाही.

गणपतीत चाकरमानी येतात, आता मांजरंही घेऊन येतात. कोकणकन्येतून पिंजऱ्यात बसून आलेलं पर्शियन मांजर, आणि त्याचं नेमकं खाणं मुंबईला राहिलेलं. ते पाकीट माझ्याकडे असतंच असं नाही. नवीन खाणं आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळत बदलायचं असतं, पण जुनं नसेल तर उकडलेली कोंबडी हाताशी धरायची. गर्दी, ढोलकी, फटाके यांनी मांजर कपाटाखाली बसतं आणि जेवत नाही. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं. "रुसला हा, खायत मगे" म्हणणाऱ्यांना मी त्या दिवसांत डॉक्टरांचा नंबर लिहून देते.

म्हाताऱ्या मांजरांसाठी मात्र मी स्वतःहून काही विकत नाही. दहा-अकरा वर्षांपुढे मांजर वाळायला लागतं तेव्हा लोक म्हणतात, वय झालं. कधी दात असतात, कधी मूत्रपिंड, कधी थायरॉइड. मूत्रपिंडाचं निदान झालं तर फॉस्फरस कमी असलेलं खाणं लागतं. पण निदान नसताना केवळ वय झालं म्हणून प्रथिनं तोडली तर आधीच झिजणारे स्नायू आणखी झिजतात. म्हणून ती पाकिटं आमच्याकडे मागच्या कपाटात असतात आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावरच बाहेर येतात. नुसतं वय झालेल्या, बाकी ठणठणीत मांजराला मऊ पाउच, थोडं कोमट करून. वास सुटला की खातात.

पेंडेचं एक पोतं अजून दाराशी असतं, सासऱ्यांच्या आग्रहाखातर, आणि ते खपतंही. यंदा जूनची ऑर्डर मेच्या पहिल्या आठवड्यातच दिली, घाट बंद व्हायच्या आत. पिल्लांची लहान पाकिटं जास्त मागवली आहेत; पावसाच्या तोंडावर आमच्याकडे भाट्या वितात आणि रोवळी काट्यावरून उतरत नाही.