तुम्ही विचारलंत म्हणून: बालीच्या गाण्यातलं तुला कळतं काय?

बालीहून आल्यापासून मी फोनवर तिथलं गाणं लावलं की कुणीतरी विचारतंच, काय कळतं गं तुला त्यातलं? घ्या, लिहूनच टाकते.

काकाविन, म्हणजे तिथली जुनी लांबलचक काव्यं, गाणं चालू असतं ना, तेव्हा तिथल्याच बऱ्याच जणांना ते कळत नसतं, कारण भाषा जुनी जावानीज, हजारेक वर्षांपूर्वीची. म्हणून दोघं बसतात. एकजण ओळ गातो, इतकी लांबवत की शब्द कुठे संपला पत्ता लागू नये, आणि दुसरा तीच ओळ बालिनीजमध्ये उलगडून सांगतो, आपल्याकडे पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा असतो ना, तसंच. देवळात माइक लावलेला, बायका नैवेद्य मांडतायत, पोरं पळतायत, कुणी ऐकतंय कुणी नाही, हे दोघं आपले निवांत.

त्यांच्या रामायणात सुरुवातीलाच दशरथाच्या वर्णनात 'रागादि मुसुः' असं येतं. मुसुः म्हणजे शत्रू, आणि रागादि तर आपलंच! हे शत्रू मनातच राहतात, लांब नसतात, आणि दशरथाकडे ते नव्हते. अर्थ सांगणाऱ्याच्या आधी मला कळलं म्हणून केवढा भाव खाल्ला मी, मग लक्षात आलं की तिथला राग म्हणजे आसक्ती, आपला चिडायचा राग नव्हेच. वृत्तंही ओळखीची, लघु-गुरू तेच, १९ अक्षरांचं शार्दूलविक्रीडितसुद्धा आहे, आपल्या मंगलाष्टकांचं, पण चाल ऐकून कुणाला अक्षता टाकाव्याशा वाटणार नाहीत.

मला खरी आवडतात ती पुपुह, म्हणजे ठरलेल्या छंदांतली बालीची गाणी. भाषा साधी, पण प्रत्येक ओळीत अक्षरं किती आणि शेवटचा स्वर कुठला हे ठरलेलं. गिनादा या प्रकारातलं एक कडवं तिथे पोरासोरांना पाठ असतं: आपल्याला येतं असं स्वतःच समजू नकोस, ते लोकांना म्हणू दे, हे झाडण्यासारखं आहे, कचरा रोज होतो, कचरा गेला तरी धूळ उरते, कितीही हुशार झालास तरी शिकायचं बाकीच. उबुदला मी ज्यांच्या घरी राहायचे त्या इबू (तिकडे आईला, मोठ्या बाईला असंच म्हणतात) सकाळी सहाला अंगणातली चाफ्याची फुलं खराट्याने लोटताना हेच गुणगुणायच्या. सात ओळींत सहावी फक्त ४ अक्षरांची, तिथे खराटाही थांबायचा. एकदा म्हटलं, इबू, झालं की आता! तर त्यांनी पायरीखालची धूळ दाखवली आणि पहिल्या ओळीपासून परत सुरू.