आमची वाटचाल : आठ खुर्च्यांचा तो सेट

1950-60च्या काळातली डायनिंग टेबलं आणि खुर्च्या ओळखायच्या, दुरुस्त करायच्या, किंमत ठरवून विकायच्या, हा आमचा धंदा. यंदा बावीस वर्षं झाली. बरीचशी बरी गेली. सांगायचंय ते चौथ्या वर्षाचं.

आम्ही दोघं भागीदार. हिशेब आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, लाकूड मिस्त्रींकडे. टॉर्च, भिंग, टेप आणि सरसाचं भांडं एवढ्यावर त्यांचं काम चाले. टेबल आलं की ते आधी त्याच्याखाली उताणे झोपायचे. उघडं लाकूड सगळीकडे सारखं काळवंडलंय का, सरकपट्ट्या घासल्यात का, ते बघायचे. टेबल लांब करायला मधे बसवायचं जादाचं पान (फळी) वर्षानुवर्षं कपाटात राहिलेलं असतं, त्यामुळे त्याचा रंग टेबलाशी सहसा जुळत नाही. अगदी तंतोतंत जुळला, की मिस्त्री म्हणायचे, "कोणीतरी घासलंय."

त्या वर्षी नील्स मोलर या डॅनिश फर्निचरकाराच्या 1951च्या 71 नंबरच्या आठ सागवानी खुर्च्या मिळाल्या. आठचा सेट चार-चारच्या दोन सेटपेक्षा केव्हाही जास्त भाव खातो, म्हणून होतं नव्हतं ते भांडवल त्यात घातलं, वर कर्ज काढलं. गिऱ्हाईकाने बयाणा दिला. मग आमच्याच धंद्यातल्या एकाने त्याच्या कानात घातलं : बैठकीखाली स्टार स्क्रू (अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे) आहेत, ते तेव्हा नव्हतेच, म्हणजे नक्कल!

बयाणा परत गेला, बोभाटा झाला. पाच महिने भाडं थकलं. मिस्त्रींनी स्वतःचे दोन रंधे विकले, मला न सांगता. ते मला आजही लागतं. अहो, स्टार स्क्रू 1936 सालीच कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्यात आले होते! 1951च्या खुर्चीत दिसले तर बिघडलं काय? त्या माणसाने चूक कधी कबूल केली नाही.

शेवटी एक निवृत्त डॉक्टरबाई आल्या, स्वतःची टॉर्च घेऊन. आठही खुर्च्या उलट्या केल्या, चौकटीवरचा डागलेला शिक्का वाचला आणि आम्ही सांगितलेल्या किमतीत नेल्या. पुढे वेग्नर या डॅनिश डिझायनरच्या, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पाठीच्या खुर्च्याही त्यांनी आमच्याकडेच विणायला दिल्या. एका बैठकीला सुमारे 120 मीटर कागदी दोरी लागते. मिस्त्री ती ओढताना कोणाशी बोलत नाहीत.

तुमच्याकडे असं काही असेल तर हात जोडून सांगतो, पॉलिशवाल्याला मशीन लावू देऊ नका. विनियर, म्हणजे वर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा, एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकतं, एकदा गेलं की गेलं. गादीचं कापड बदलताना खालचं लेबल टाकू नका. आणि ब्राझिलियन रोझवूड असेल तर जुनी पावती जपा. 1992पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे, कागदाशिवाय परदेशी गिऱ्हाईक हात लावत नाही.

गेल्या वर्षी बाईंनी त्या आठांतली एक खुर्ची गादी बदलायला पाठवली. मिस्त्रींनी डबीत काढून ठेवलेले जुनेच स्टार स्क्रू त्याच भोकांत परत बसवले.