गाणी नकोत, नखं कापा

आमची शाळा ख्रिस्ती सिस्टर लोकांची. नववीच्या मुलांना वर्षभर समाजसेवा करावी लागते, तिचे तास वहीत भरले जातात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा एक शिरस्ता ठरून गेलेला होता. नाताळाच्या आधी कपडे गोळा करायचे, वृद्धाश्रमात जाऊन गाणी म्हणायची, फोटो काढायचा आणि परत. मुलं खूश, पालक खूश.

मी आधी मुलांना न घेता एकटीच आश्रमात गेले आणि तिथल्या व्यवस्थापक बाईंना विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाणी म्हणायला सगळेच येतात हो. नखं कापायला कोणी येत नाही." पुढे यादीच दिली: पेपर वाचून दाखवणं, सुईत दोरा ओवून देणं, नातवाला फोन लावून देणं, कानातल्या मशीनचे सेल बदलणं. वर एक अट घातली. यायचं तर दर आठवड्याला, नाहीतर नाही. एकदा येऊन गेलेल्या मुलांची आजी-आजोबा पुढे कितीतरी दिवस वाट बघत बसतात, आणि त्यांची समजूत मात्र आश्रमातल्या लोकांना काढावी लागते.

परवानग्यांचं प्रकरण रटाळ होतं. पालकांची संमतिपत्रं, प्रत्येक गटाबरोबर दोन शिक्षक, एकट्या मुलाने कुणाच्या खोलीत जायचं नाही, मोबाइल गेटवर जमा. पालकसभेत एका आईने सरळ विचारलं, "टीचर, यात धर्मप्रचार तर नाही ना?" प्रश्न रास्त होता, कारण वर्गातली बरीच मुलं ख्रिस्ती नाहीत. मी सांगितलं, शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, शाळेत वाचू, आश्रमात फक्त काम. हा नियम वर्षभर कसोशीने पाळला.

तयारीसाठी लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेतली: लुटारूंनी जखमी करून रस्त्यात टाकलेल्या माणसाला एक परका वाटसरू मदत करतो. मुलांना ती पाठ असते, त्यामुळे ऐकून ती कंटाळलेली असतात. मी फक्त क्रियापदं शोधायला सांगितली. त्या माणसाने प्रत्यक्ष काय काय केलं? जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, तो परत येणार असंही म्हणाला. जास्तीचा खर्च परत आल्यावर देईन म्हणाला." आश्रमाची अट मुलांना वेगळी समजावून सांगायची गरजच उरली नाही.

नखं कापण्याचं प्रशिक्षण आश्रमातल्या नर्सने दिलं. हात कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, म्हणजे जुनी, जाड झालेली नखं मऊ पडतात. एकदम खोल कापायचं नाही. पायाच्या नखांना हात लावायचा नाही, कारण मधुमेह असलेल्यांना छोटीशी जखमही महागात पडते, ते काम नर्सचं. पहिल्या दिवशी मुलं हे सगळं अंग चोरून करत होती. एका आजींनी तर हात मागेच घेतला. "शाळेतल्या पोरांकडून नखं कापून घेऊ?" त्यांचा मान दुखावला होता. समोरची मुलगी रडकुंडीला आली. तिने त्या दिवशी नुसता दोरा ओवून दिला.

तीच मुलगी पुढे वहीत लिहिते, "पेत्रही येशूला म्हणाला होता, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. त्यालाही असंच वाटलं असेल." येशू आपल्या शिष्यांचे, त्यात पेत्राचेही, पाय धुतो तो योहानच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला हा प्रसंग पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, विधीत दरवर्षी वाचला जातो. तो धुणाऱ्याच्या नम्रतेचा धडा म्हणूनच मी इतकी वर्षं शिकवत आले. धुऊन घेणाऱ्याला काय वाटत असेल, हे त्या मुलीने काढलं. आजींनी पुढे कधीतरी हात पुढे केला, पण आधी तिच्या घरची सगळी माहिती विचारून घेतली.

वह्यांचं मात्र सुरुवातीला काही खरं नव्हतं. सगळीकडे तेच: "मला खूप छान वाटलं", "आपण किती नशीबवान आहोत". हे दुसरं वाक्य मला फार खटकतं. दुसऱ्याचं म्हातारपण बघून स्वतःच्या नशिबावर खूश व्हायला शिकवायचं असेल, तर मुलांना तिथे न नेलेलंच बरं. मी प्रश्नच बदलले. कोणाशी बोललास? त्यांनी तुला काय विचारलं? तुला काय जमलं नाही? कशाचं कारण कळलं नाही? येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरूंच्या शाळांमध्ये अनुभवानंतर चिंतन आणि चिंतनानंतर कृती असा क्रम मानतात. त्यातली मधली पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते, कारण तिचा फोटो निघत नाही.

'कारण कळलं नाही' या प्रश्नातून सेलचं प्रकरण निघालं. एक आजोबा कुणाशी बोलत नाहीत, तुसडे आहेत, असा सगळ्यांचा समज होता. दोन मुलांनी बघितलं तर मशीनचा सेल संपलेला. हे सेल हवेवर चालतात. वरची रंगीत पट्टी काढली की ते सुरू होतात आणि मशीन वापरा न वापरा, उतरायला लागतात. पट्टी पुन्हा चिकटवून उपयोग नाही. मुलांनी कुणाला पिवळ्या पट्टीचा, कुणाला तपकिरी, कुणाला नारिंगी सेल लागतो याचा तक्ता करून भिंतीवर लावला, बदलल्याची तारीख लिहायला सुरुवात केली. आजोबा तुसडे आहेत हे नंतरही खरंच निघालं, पण आता ते ऐकू येत असताना तुसडे असतात.

वार्षिक अहवालासाठी फोटो हवेत, यावरून मुख्याध्यापिका सिस्टरांशी माझी थोडी खडाजंगी झाली. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, हे मत्तयच्या शुभवर्तमानातलं वचन मी त्यांना ऐकवणं म्हणजे आगाऊपणाच होता, पण ऐकवलं. शेवटी सेलच्या तक्त्याचा फोटो छापायचं ठरलं, नावं झाकून. सेवेचे तास मोजणं बंद करायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत. आय. बी. डिप्लोमा या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमातही अशा उपक्रमांची पूर्वीची १५० तासांची मोजणी आता नाही, हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तास नसते तर निम्मी मुलं पहिल्या दिवशी आली असती का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तासांचा रकाना राहिला. वहीला गुण द्यायचे नाहीत, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

आता प्रश्न सुट्टीचा आहे. नववी संपली, मुलं दहावीच्या क्लासला लागली, आणि पुढची तुकडी शाळा उघडल्यावरच येणार. मधल्या आठवड्यांसाठी पाळीपत्रक केलंय. त्यात पेपर वाचायला नावं भरपूर आहेत, नखांच्या रकान्यात मोजकी. शेवटच्या आठवड्याच्या सेलचं मीच बघणार आहे.