सायन्स येत होतं, नीट येत नव्हती

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात, सायन्सला ९६, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं की हा डॉक्टर होणार. मलापण वाटायचं, सायन्स समजतं तर नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, वेगळं काय असणार. लातूरला क्लास लावला, पहिले दोन महिने नुसतं नावं बदलण्यात गेले, तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट. ते जमलं.

खरा घोळ वेगळाच. मला प्रत्येक गोष्टीचं का आणि कसं लागायचं, फिजिक्सचं एकेक डेरिव्हेशन घेऊन रात्र काढायचो. आणि बायोलॉजीत लागते एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ, जशीच्या तशी. सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन कुठलं? प्राण्यांमध्ये कोलॅजन, अख्ख्या बायोस्फिअरमध्ये रुबिस्को. दोन्ही माहीत होतं हो! पण टेस्टमध्ये घाईत प्रश्नातला 'प्राणी' वाचलाच नाही, रुबिस्कोचा गोल काळा केला. बरोबर उत्तराचे चार मार्क गेले, वर चुकीच्या उत्तराचा एक कापला.

२०२४ ला पहिला अटेम्प्ट. फिजिक्सचे ४५ च्या ४५ सोडवले, कारण थोडंफार येतंय म्हटल्यावर प्रश्न कोरा ठेववत नाही ना. २२ बरोबर, २३ चूक, मार्क ६५.

रिपीट केलं. त्या वर्षात नवीन सायन्स फारसं शिकलो नाही, खोटं कशाला बोलू. बायोलॉजीचे ९० प्रश्न ४५ मिनिटांत उडवायचे, ७२० पैकी ३६० तिथेच आहेत, आणि दर रविवारी टेस्ट, टेस्ट झाली की कुठला प्रश्न सोडायला हवा होता त्याची वही.

४ मे २०२५, दुपारी २ ते ५. ऑप्शनल प्रश्न बंद झालेले, वेळ २० मिनिटं कमी, आणि फिजिक्स असं की पहिली पाच मिनिटं मी नुसतीच पानं उलटली. मग २० प्रश्न कोरे सोडले. २१ बरोबर, ४ चूक, मार्क ८०. त्या २१ मधले चार-पाच तरी डेरिव्हेशनच्या जुन्या खोडीमुळेच सुटले, नुसता फॉर्म्युला पाठ असून ते सुटले नसते.

बाबांना मात्र हे गणित अजून पटत नाही, मागच्यापेक्षा एक उत्तर कमी बरोबर आणि मार्क १५ जास्त कसे. "२० सोडलेस म्हणजे येतच नव्हते का?"

"सात-आठ येत होते की. घरी येऊन सोडवले पण."

"मग?"

"एकेकाला सहा मिनिटं लागली, बाबा."