नंबर लावायचेच झाले तर

पहिला नंबर ठरवायला कधीच वेळ लागत नाही. वेळ जातो तो चौथ्या-पाचव्याच्या भांडणात. वर्षभरातल्या आवडत्या व्हिडिओ गेमची यादी करायला बसलं की पहिलं नाव हात आपोआप लिहितो, शेवटचं दयेपोटी आत येतं आणि मधली मंडळी एकमेकांच्या उरावर बसतात. २०२४ ची यादी मी मुद्दाम मुरू दिली. ऐन डिसेंबरात यादी केली की नुकतेच आलेले गेम रांग मोडून पुढे घुसतात आणि जानेवारी-फेब्रुवारीतले बिचारे कोणाला आठवत नाहीत.

निकष माझा एकच आणि तोही जरा चिडका: गेम मला गप्प उभं राहून विचार करू देतो का? हल्ली मोठ्या गेममध्ये बहुतेकदा एक सोबती असतो. आपण बंद दारासमोर जातो, इकडेतिकडे बघतो, काहीतरी सुचायला लागतं, तेवढ्यात हा म्हणतो, 'त्या वरच्या दोरीचं काही करता येईल का?' झालं! कोडं त्याचं, उत्तर त्याचं, आपण बटण दाबण्याचे धनी. त्याचा गळा दाबायचं बटण मात्र कुठे सापडत नाही.

म्हणून पहिला नंबर 'ॲनिमल वेल'चा. बिली बासो नावाच्या माणसाने सुमारे सात वर्षं एकट्याने तो घडवला, इंजिनसुद्धा, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, स्वतःच लिहिलं, आणि हा सगळा ऐवज ४० एमबीपेक्षा कमी जागेत मावला. सुरुवातीला एका फुलातून दोन डोळ्यांचा गोळा टपकतो. तो म्हणजे आपण. संवाद नाहीत, बाण नाहीत, 'इथे जा' नाही. अंधारी भुयारं, ठिबकणारं पाणी आणि प्राणी. काही नुसते टक लावून बघणारे, काही मागे लागणारे. शस्त्र म्हणावं असं हाती काही येत नाही. येतात ती खेळणी: फटाके, यो-यो, फ्रिसबी, बुडबुडे काढायची कांडी. बुडबुडा दिसायला शोभेचा. चुकून त्याच्यावर पाय पडतो तेव्हा कळतं की तो वजन पेलतो. मग लक्षात येतं, त्याच्यावरून उडी मारली की हवेतच दुसरा काढता येतो. आणि मग मघाशी ज्या खोलीच्या छताकडे बघून आपण मुकाट परत फिरलो होतो, ती खोली आठवते. कुत्र्याचंही तसंच. भुतासारखा मागे लागलेला कुत्रा आहे, हातात फ्रिसबी आहे. आता कोणी काय सांगायचं राहिलं? फेकायची. तो आपल्याला सोडून तिच्यामागे धावतो. हे ज्याचं त्याला सुचतं, तेव्हा होणारा आनंद पुढच्या चार खोल्या पुरतो.

गेम वरवर संपतो, तेव्हा खाली अजून दोन-तीन मजले असल्याचं ध्यानात येतं. त्यांत एक कोडं असं आहे की प्रत्येक खेळाडूला चित्राचा एकच तुकडा मिळतो आणि तुकडे आहेत ५०. अनोळखी लोकांनी एकमेकांना गाठून ते जुळवले, तेव्हा कुठे चित्र पुरं झालं. एकट्याने बनवलेला गेम, आणि एकट्याला पुरता सुटत नाही!

तासांचा हिशोब मांडला तर पहिला नंबर 'बलाट्रो'ने पळवला असता, यात वाद नाही. पण किती वेळ गेला यावर नंबर लावायचे तर सगळ्यात वर मोबाइलवरचा एखादा गोळ्या फोडायचा गेम येईल, आणि तसं झालं तर मी यादी करणं सोडेन. तेव्हा बलाट्रो दुसरा. २० फेब्रुवारी २०२४ ला आला. बनवणारा कॅनडातला, स्वतःला लोकलथंक म्हणवणारा. खरं नाव त्याने गुलदस्त्यातच ठेवलंय. पत्ते पोकरचे: जोडी, फ्लश, फुल हाऊस. खरी गंमत १५० जोकरांची. प्रत्येक जोकर एकेक नियम वाकवतो आणि त्यांचा हिशोब डावीकडून उजवीकडे होतो. जोडीचा मूळ गुणक, म्हणजे पानांच्या गुणांना ज्याने गुणायचं तो आकडा, २. एक जोकर त्यात ४ मिळवतो, दुसरा आलेल्याची दुप्पट करतो. मिळवणारा डावीकडे ठेवला तर १२, उजवीकडे ठेवला तर ८. तेच जोकर, तेच पत्ते. आणि पानं टाकण्याआधी एकूण किती गुण होणार, ते गेम दाखवत नाही. दाखवू शकतो, दाखवत नाही. आकडेमोड आपली आपण करायची, पानं टाकायची आणि आकड्याला ज्वाळा लागतात का बघत बसायचं. राजा, राणी, गुलाम यांच्या जिवावर सगळा डाव उभारावा आणि नेमका 'प्लांट' नावाचा बॉस, म्हणजे खास अडचण घेऊन येणारा प्रतिस्पर्धी, समोर यावा, ज्याच्यापुढे चित्रांची पानं कुचकामी होतात. तेव्हा तोंडातून निघणारे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. (या गेममध्ये एक छदामही लावता येत नाही. तरी पेगी या युरोपातल्या वयोमर्यादा ठरवणाऱ्या संस्थेने त्याच्यावर १८ चा शिक्का मारला होता. २०२५ मध्ये तो १२ वर आणला. शहाणपण उशिरा का होईना सुचलं.)

तिसरा 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'. जानेवारीत आला आणि डिसेंबरातल्या बऱ्याच याद्यांतून गळाला, तो याच कारणाने. नायक सर्गोन, जागा काफ पर्वत, आणि पात्रांना फारसीत बोलू द्यायची सोय. ती जरूर वापरा, इंग्रजी आवाजात निम्मी रया जाते. याने केलेली एक युक्ती पुढे सगळ्यांनी उचलावी. वाट अडली की त्या जागेचा फोटो काढून थेट नकाशावर टाचता येतो. पुढे नवी ताकद मिळाली की नकाशा उघडायचा आणि 'अरे, हे इथलं!' म्हणत निघायचं. लक्षात ठेवायचं काम गेम करतो, डोकं आपण चालवायचं. कामाची वाटणी असावी तर अशी. एवढं असूनही तो अपेक्षेइतका खपला नाही आणि वर्ष संपायच्या आत बनवणाऱ्यांचा चमू मोडला गेला. हे मात्र मनाला लागलं.

आता ते भांडण. 'ॲस्ट्रो बॉट'ला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम म्हणून गौरवलं आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. एक अक्षर न बोलता तो सगळं शिकवतो. नवी करामत हाती देतो, तिचा कंटाळा यायच्या आत काढून घेतो. निकष लावला तर चौथा तोच. पण 'हेलडायव्हर्स २' चार जणांनी मिळून खेळलात का कधी? मेलेल्या साथीदाराला परत बोलवायचं तर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर असे बाण न चुकता दाबायचे, तेही किडे अंगावर येत असताना. घाईत बाण चुकतात. मग बरोबर लागतात, खूण फेकली जाते, आकाशातून कुपी येते आणि परत आलेला मित्र बोलावणाऱ्याच्याच डोक्यावर उतरतो. म्हणजे आता पुन्हा एक जण मेलेला, फक्त माणूस बदलला. निकष गेला खड्ड्यात, चौथा हेलडायव्हर्स. ॲस्ट्रोने समजून घ्यावं, त्याच्याकडे पदक आहे.

'शॅडो ऑफ द एर्डट्री' मी बाद ठरवला. तो 'एल्डन रिंग'चा विस्तार आहे आणि मूळ गेमशिवाय सुरूच होत नाही. पुरस्कारवाल्यांनी त्याला सहा जणांच्या अंतिम यादीत घेतलं, त्यांची मर्जी. कादंबरीच्या नव्या प्रकरणाला कादंबरीचं बक्षीस मी देणार नाही. 'ब्लॅक मिथ: वुकाँग'च्या पहिल्या ३ दिवसांत १ कोटी प्रती खपल्या. माझ्या यादीत तो नाही, कारण जिथे जावंसं वाटतं तिथे न दिसणारी भिंत आडवी येते. पण त्याच गेमच्या दुसऱ्या प्रकरणात वाळूत बसून तंतुवाद्य वाजवत गाणारा एक मुंडकं नसलेला गायक भेटतो. पात्रांची वेगळी यादी केली तर तोच पहिला.

राहता राहिला 'यूएफओ ५०', आणि इथे सगळी पद्धतच कोसळते. १९८० च्या दशकातली एक कंपनी कल्पून तिचे म्हणून ५० गेम डेरेक यू आणि मंडळींनी एकाच डब्यात भरलेत. पहिल्याच 'बारबुटा'त संगीत नाही, सूचना नाही, आणि दोन पावलं टाकेस्तोवर डोक्यात दगड पडून मरण. याला एक नंबर देणं अन्यायाचं. याची स्वतंत्रच यादी हवी. पहिला 'पार्टी हाऊस': घरात मावतील तेवढेच पाहुणे, गोंधळी जास्त जमले की पोलीस हजर, आणि एकाच रात्री चार बडे पाहुणे आणून दाखवायचे. दुसऱ्यासाठी दोन गेम आत्ताच हमरीतुमरीवर आलेत.