माझा अनुभव : ‘नाचायला हरकत नाही’ एवढं लिहून घेताना

आठ जण तयार होते. सर्वांत धाकटा १९ वर्षांचा, सर्वांत मोठी ३४ वर्षांची, आणि आठही जणांना डाउन सिंड्रोम. आठवड्यातून एकदा तासभर सगळ्यांनी मिळून नाचायचं, एवढाच माझा बेत होता. घरच्यांशी बोलणं, वेळ, सभागृह, सगळं पंधरा दिवसांत जमलं. मग सभागृहाच्या कार्यालयाने एक अर्ज हातात ठेवला आणि त्यात ११ आठवडे गेले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

अर्जात एकच ओळ होती : ‘सदर व्यक्ती नृत्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे.’ खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि सोबत मानेचा एक्स-रे. शेजारच्या दालनात रोज नाचाचे वर्ग चालतात, तिथे कुणाकडे असा कागद मागत नाहीत.

काळजी खोटी नाही, हे मला मान्य आहे. डाउन सिंड्रोम म्हणजे जन्मतःच २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असणं. त्यामुळे स्नायू शिथिल असतात, सांधे सैल असतात. काहींच्या मानेतले वरचे दोन मणके गरजेपेक्षा जास्त हलतात आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. पण त्रास नसलेल्या माणसाचा एक्स-रे काढून पुढे कुणाला धोका आहे हे नीट कळत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने लक्षणं नसलेल्या मुलांचा असा सरसकट एक्स-रे काढू नये, असं २०११ मध्येच सांगितलं आहे. कार्यालयात हे सांगितलं, तर उत्तर आलं, “डॉक्टरांकडून आणा.”

पहिल्या डॉक्टरांनी ओळ वाचली आणि अर्ज परत केला. “नृत्य म्हणजे नेमकं काय करणार? उद्या काही झालं तर सही माझी.” दुसऱ्यांनी आधी एक्स-रे आणायला सांगितलं. एक्स-रेवाल्यांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती, आणि चिठ्ठीवर लिहायला कुणाला मानेचं काही दुखणंच नव्हतं. कार्यालयात गेलं की साहेब रजेवर किंवा बैठकीत. चौथ्या आठवड्यात एका आईचा फोन आला : “एवढे कागद मागतात म्हणजे धोका असणारच. नकोच आम्हाला.” त्यांचा मुलगा अजूनही आलेला नाही. ११ आठवड्यांपेक्षा मला हे जास्त लागलं. घरात गाणं लागलं की सगळ्यांच्या आधी उभा राहणारा तो!

सुटका झाली ती पहिल्या डॉक्टरांच्या प्रश्नामुळे. घरी येऊन मी एक पान लिहिलं. आम्ही काय करणार : ठेक्यावर चालणं, टाळ्या, पाय आपटणं, हातांच्या हालचाली, हळू गिरकी, खुर्चीत बसून नाच. काय करणार नाही : कोलांटी, डोक्यावर भार येईल असं काहीही, मान झटकणं किंवा गरागरा फिरवणं, एकमेकांना उचलणं, उंचावरून उडी. ते पान घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी प्रत्येकाची मान, चाल, हातांची ताकद तपासली आणि ‘या यादीतल्या हालचालींना हरकत नाही, लक्षणे नसल्याने एक्स-रेची आवश्यकता नाही’ असं लिहून दिलं. दोघींच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र वेगळं आणावं लागलं. म्हणून सांगते, ‘नाचू का?’ असं विचारत डॉक्टरांकडे जाऊच नका. यादी घेऊन जा.

तरी कार्यालयाने पत्रं तीन आठवडे दाबून ठेवली. शेवटी मी लेखी विचारलं, एक्स-रेची अट कोणत्या नियमात आहे, आणि पोच घेतली. सहाव्या दिवशी परवानगी आली! ती पोच मी पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती.

त्याच पानाच्या मागे मी हेही लिहून ठेवलं आहे : मान दुखणं किंवा एका बाजूला कलणं, चाल बदलणं, हातापायांतली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यातलं काहीही दिसलं की नाच थांबवून लगेच डॉक्टर.

आणखी एक. अर्जावर डॉक्टरांखेरीज सही फक्त पालकांची होती. नाचणारी माणसं प्रौढ आहेत, म्हणून मी त्यांच्या सहीसाठी खाली एक ओळ आखली. ३४ वर्षांच्या ताईंनी सही करण्याआधी विचारलं, “मला नको असेल तेव्हा बसू का?” अर्थातच. हे विचारायला त्या अर्जात जागाच नव्हती.

वर्गाचं थोडक्यात सांगते. अनेकांना ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळे बोलताना गाणं बंद आणि तोंड त्यांच्याकडे. तोंडी सूचनांची साखळी लक्षात राहत नाही, करून दाखवलेलं चटकन बसतं. दाखवलं की थांबा. मी मनात आठ मोजते, घाई केली की सगळं विस्कटतं. दर वेळी एक जण पुढे येऊन स्वतःची हालचाल देतो आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, ती उचलतो. गेल्या वेळची खांद्यांची हालचाल मला अजून नीट जमलेली नाही, सराव चालू आहे.

पत्रं वर्षभरच चालतात. पुढच्या महिन्यात नवी घ्यायची आहेत. यादीच्या आठ प्रती काढून ठेवल्या आहेत, एक त्या मुलाच्या नावाची.