लॉर्ड्सची ती फायनल अजूनबी पचत नाही
आज सकाळपासून पाऊस, वावरात चिखल, डवरे बंद, म्हून पानठेल्यावर पोट्ट्यायची गर्दी अन् विषय निघाला लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरल्या इंग्लंड-न्यूझीलंडच्या २०१९ च्या क्रिकेट वर्ल्डकप फायनलचा. एक पोट्टा म्हणे इंग्लंड जिंकलं, संपला विषय. कसा काय संपला बावा? दोघांच्याबी २४१, सुपर ओव्हरबी (बरोबरी झाली की दोघायले एक-एक जादा ओव्हर) १५-१५, अन् कप कशावर दिला तर चौके-छक्के मोजून, इंग्लंडचे २६ विरुद्ध न्यूझीलंडचे १७! न्यूझीलंडच्या ८ विकेट गेल्या होत्या, इंग्लंड ऑलआऊट, ते काऊन नाही मोजलं?

मग मोबाईलवर तो न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो लावला, थांबवून थांबवून पाहिला. इंग्लंडले ३ बॉलमध्ये ९ पाहिजे होते. बॉल गप्टिलच्या हातून सुटला तेव्हा इंग्लंडचे बॅट्समन स्टोक्स अन् रशीदनं दुसऱ्या रनसाठी एकमेकाला क्रॉस केलंच नव्हतं, मग बॉल स्टोक्सच्या बॅटला लागून बाउंड्रीबाहेर. ते दुसरं रन धरायचं नव्हतं, म्हून नियमानं ५ रन होते अन् पुढच्या बॉलले रशीद स्ट्राइकवर पाहिजे होता, अंपायरनं दिले ६. अंपायर धर्मसेनानं नंतर चूक कबूलबी केली. स्टोक्सनं त्यात मुद्दाम काईच केलं नाही, तो लय भारी खेळला, त्याच्यावर माहा राग नाही. पण न्यूझीलंडच्या कॅप्टन विल्यमसननं त्या दिवशी जे तोंड शांत ठेवलं ना, त्या माणसासाठी माहा जीव आजबी तुटते.

आयसीसीनं (क्रिकेटची जागतिक संघटना) ऑक्टोबर २०१९ मध्ये तो चौके-छक्के मोजायचा नियम काढला, आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर. माह्या मते त्या रात्रीचा कप दोघायलेबी द्यायले पाहिजे होता, अन् मी हे उद्याबी ठेल्यावर सांगणार हाय.